स्वतःच्या कमरेत सुई घेणारा सर्जन

हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट, मांडीचे मोडलेले हाड किंवा सिझेरियन. यांपैकी कुठल्याही शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाला बहुतेक वेळा आदल्या दिवशी सांगितले जाते की भूल कमरेतून देणार. ते ऐकले की घरच्यांचे चेहरे उतरतात. पाठीच्या कण्यात सुई म्हणजे पायातले बळ गेले तर? पुढे आयुष्यभर कंबर धरली तर? आणि माणूस जागा असताना त्याच्यावर सुरी चालवणार, हे सहन कसे व्हायचे? शंका रास्त आहेत. या शंकांची पहिली उत्तरे सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर जर्मनीतल्या कील या बंदराच्या शहरात शोधली गेली. ऑगस्ट बीर हे ती शोधणाऱ्या सर्जनचे नाव, आणि त्यातली काही उत्तरे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेऊन शोधली.

बीर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ रोजी वाल्डेक या छोट्या जर्मन संस्थानातल्या हेल्सेन गावी झाला. बर्लिन, लाइपझिग आणि कील अशा तीन विद्यापीठांत त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि कीलमध्येच फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांचे सहायक म्हणून ते रुजू झाले. एस्मार्ख हे लष्करी शस्त्रक्रियेतले मोठे नाव. हातापायावर रबरी पट्टी घट्ट गुंडाळून त्यातले रक्त वर सारायचे आणि मग रक्त न सांडता शस्त्रक्रिया करायची, ही त्यांची पद्धत जगभर गेली. ती पट्टी आजही ऑर्थोपेडिकच्या थिएटरमध्ये त्यांच्याच नावाने मागितली जाते. या रबरी पट्टीने शिष्याचाही पाठलाग पुढे बरीच वर्षे केला.

त्या काळी भूल म्हणजे ईथर नाही तर क्लोरोफॉर्म. तोंडावर जाळीचा मास्क ठेवायचा, त्यावरच्या कापडावर थेंब थेंब औषध टाकायचे आणि रुग्ण झोपला की सुरी लावायची. भूल देण्याचे काम अनेकदा हाताशी असेल त्या नवशिक्याकडे जाई. क्लोरोफॉर्मने एखाद्याचे हृदय टेबलावरच थांबत असे. ईथरने खोकला, कफ आणि उलट्या होत. नाडीवर हात आणि चेहऱ्यावर नजर, यापलीकडे देखरेखीचे साधन नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे उपकरण १८९६ मध्ये आले होते खरे, पण ते अजून थिएटरात रुळायचे होते.

दुसरीकडे दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला होता. आणि १८९१ मध्ये कीलमध्येच हाइनरिश क्विंके यांनी कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी सुरक्षितपणे काढता येते, हे सिद्ध केले होते. एका शहरात सुईची वाट सापडली, दुसऱ्या शहरात बधिरतेचे औषध. न्यूयॉर्कचे जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी १८८५ मध्येच एका कुत्र्याच्या आणि मग एका माणसाच्या मणक्यांमध्ये कोकेन टोचले होते. मात्र त्यांची सुई पाण्याच्या आवरणापर्यंत पोचली नसावी, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. श्रेय कोणाचे, यावर पुढे बराच वाद झाला. पण शस्त्रक्रियेसाठी ही भूल ठरवून, मोजून आणि नोंदी ठेवून दिली ती बीर यांनी.

तारीख १६ ऑगस्ट १८९८. रुग्ण ३४ वर्षांचा मजूर. घोट्याच्या सांध्याला क्षयरोग झाला होता आणि सांध्याचा सडलेला भाग कापून काढायचा होता. आधीच्या शस्त्रक्रियांच्या वेळी संपूर्ण भुलीचा त्याला फार त्रास झाला होता. बीर यांनी त्याच्या कमरेतून क्विंके यांच्या पद्धतीने सुई घातली आणि १५ मिलिग्रॅम कोकेन सोडले. शस्त्रक्रिया वेदनेशिवाय पार पडली. नंतर मात्र त्याला उलट्या झाल्या, पाठ आणि पाय दुखला आणि डोके जोरात धरले. पुढच्या काही दिवसांत आणखी पाच जणांवर हाच प्रयोग झाला. सहाही शस्त्रक्रिया पायांच्या होत्या, सहाही वेळा भूल लागली, पण बहुतेकांना नंतर डोकेदुखी आणि उलट्यांनी गाठले.

सुई नेमकी कुठे जाते, हे इथेच समजून घेतलेले बरे, कारण सगळी भीती त्याच प्रश्नाभोवती असते. मज्जारज्जू हा मेंदूपासून निघालेला दोर मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याच्या खाली उरते ती पाण्याने भरलेली पिशवी आणि त्या पाण्यात घोड्याच्या शेपटीच्या केसांसारख्या मोकळ्या लोंबणाऱ्या नसा. भुलीची सुई तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास, म्हणजे दोर संपल्यानंतर खाली घातली जाते. मोकळ्या नसा सुई आली की सहसा बाजूला सरकतात. म्हणून कंबर वाकवून, गुडघे पोटाशी घेऊन बसा किंवा कुशीवर वळा, असे भूलतज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगतात. पाठीचा बाक केला की मणक्यांमधली फट उघडते. त्या क्षणी एखाद्या पायात विजेसारखी चमक गेली तर हलायचे नाही, तेवढे तोंडाने सांगायचे. सुई लगेच सरकवता येते.

आता बीर यांच्याकडे वळू. सहा रुग्णांची डोकेदुखी त्यांना गप्प बसू देईना. रुग्ण जे सांगतात ते औषधामुळे, सुईमुळे की शस्त्रक्रियेमुळे? वेदना जाते म्हणजे नक्की काय जाते? स्वतः अनुभवल्याशिवाय हे कळणार नाही, असे त्यांनी ठरवले. तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. २४ ऑगस्टला संध्याकाळी त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी बीर यांच्या कमरेत सुई घातली. सुई बरोबर जागी गेली, पाणी यायला लागले, आणि तेव्हा लक्षात आले की पिचकारीचे तोंड त्या सुईत बसतच नाही. जोडणीची खटपट चालली तोवर पाणी वाहून गेले आणि औषधही बाहेर सांडले. असे साधे घोळ मोठ्या शोधांच्या गोष्टीतून हळूच गाळले जातात. बीर यांनी ते आपल्या लेखात लिहून ठेवले, हे विशेष.

प्रयोग फसला म्हणून पुढे ढकलायचे घाटत होते, तर हिल्डेब्रांट यांनी स्वतःची पाठ पुढे केली. या वेळी पिचकारी नीट बसली आणि पाच मिलिग्रॅम कोकेन आत गेले. मग बीर घड्याळ लावून बसले आणि सहायकाच्या पायांची परीक्षा सुरू झाली. सात मिनिटांनी सुईचे टोचणे नुसते दाबल्यासारखे जाणवू लागले. मग जाड सुई मांडीत थेट हाडापर्यंत घातली, दुखले नाही. पेटती सिगार टेकवली तर ऊब कळली, पण भाजल्याची वेदना नाही. २३ व्या मिनिटाला नडगीवर लोखंडी हातोडा हाणला, तोही दुखला नाही. यादीतल्या दोन चाचण्या सकाळच्या चहाबरोबर वाचल्या जाणाऱ्या दैनिकात सांगण्याजोग्या नाहीत. सुमारे पाऊण तासाने जाणीव परतू लागली. मग दोघांनी एकत्र जेवण केले, वाइन घेतली, सिगारी ओढल्या आणि रात्री आपापल्या खोलीत झोपायला गेले.

आजच्या निकषांवर हा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही. हाताखालच्या डॉक्टरने नाही म्हणण्याची मोकळीक कितपत असते, हा प्रश्नही उरतोच. पण त्या संध्याकाळच्या नोंदींत रुग्णांच्या सगळ्यात मोठ्या भीतीचे उत्तर आहे. या भुलीत वेदना जाते, स्पर्श मात्र पूर्ण जात नाही. वेदना आणि ऊन-थंड वाहून नेणारे तंतू बारीक असतात, ते औषधाला लवकर बळी पडतात. स्पर्श, दाब, ओढ यांचे तंतू जाड, ते उशिरा आणि अर्धवट दबतात. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना कोणीतरी हात लावतो आहे, आत काहीतरी ओढले जाते आहे, असे जाणवू शकते. सिझेरियनमध्ये बाळ बाहेर काढताना पोटावर जोराचा दाब येतो, तेव्हा तर हमखास. अशा वेळी भूल लागलीच नाही म्हणून रुग्ण घाबरतो. दाब जाणवणे वेगळे आणि टोचणे, कापणे दुखणे वेगळे. सुरी लावण्याआधी भूलतज्ज्ञ चिमटा काढून किंवा थंड बोळा फिरवून याचीच खात्री करून घेतात. खरोखर दुखत असेल तर निःसंकोच सांगावे. भूल अपुरी पडणे क्वचित घडते, आणि तसे झाले तर शिरेतून औषध देता येते किंवा संपूर्ण भूल देता येते. उपाशीपोटी राहायला सांगतात ते त्याचसाठी. कमरेतून भूल आहे म्हणजे सकाळी पोहे खाल्ले तर चालतील, हा समज धोक्याचा आहे.

आजचा क्रम साधारण असा असतो. शिरेत सलाइन, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, छातीवर ईसीजीच्या पट्ट्या. पाठ जंतुनाशकाने पुसतात, ते गार लागते. मग कातडी बधिर करणारे छोटे इंजेक्शन, तेवढे चावते. मुख्य सुई त्यानंतर जाते आणि तिचा फक्त दाब कळतो. औषध अवघे दोन-तीन मिलिलिटर. मिनिटभरात पाय ऊबदार होतात, मुंग्या येतात, मग जड होतात आणि हलेनासे होतात. हे बघून रुग्ण हादरतो, पण हेच अपेक्षित असते. औषधाप्रमाणे दोन ते चार तासांत बळ परत येते. या भुलीने रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो. गरगरले, मळमळले, जीव घाबरा झाला तर लगेच बोलावे, त्यावरची औषधे भरून ठेवलेली असतात. अंगात थंडी भरून दात वाजतात, तेही नेहमीचे. लघवी काही तास होत नाही, म्हणून कधी नळी घालतात. जागे राहण्याचीच धास्ती असेल तर गुंगीचे औषध मिळते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधीच सांगितले पाहिजे, कारण अशा रुग्णात सुईच्या जागी रक्त साचून नसांवर दाब येऊ शकतो. त्या गोळ्या आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत.

कीलमधल्या त्या रात्रीचे पुढे काय झाले? हिल्डेब्रांट यांना मध्यरात्री उलट्या आणि डोकेदुखी सुरू झाली. सकाळी ते कसेबसे कामावर आले. हातोड्याचे आणि चिमट्यांचे वळ मागे राहिले ते निराळेच. बीर यांना दुसऱ्या दिवसापासून डोक्यात असा ठणका सुरू झाला की उठून बसले की असह्य, आडवे झाले की गायब. ते नऊ दिवस अंथरुणात होते. मग दुखणे जसे आले तसे गेले. त्यांच्या कमरेतून बरेच पाणी वाहून गेले होते आणि भूल तर त्यांना मिळालीच नव्हती. तेव्हा आपल्या दुखण्याचा संबंध पाणी गळण्याशी आहे, आणि सुई घालताना पाणी वाया जाऊ देता कामा नये, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो बरोबर होता. १८९९ मध्ये त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले.

ही डोकेदुखी आजही होते, पण फार कमी. बीर यांच्या वेळच्या सुया जाड होत्या. आताची सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची किंवा त्याहून बारीक असते आणि काहींचे टोक पेन्सिलीसारखे निमुळते असते. ते आवरण कापत नाही, बाजूला सारते. त्यामुळे त्रास होतो तो साधारण शंभरात एखाद्याला, तरुण बाळंतिणींना थोडा जास्त. सुरुवात बहुधा पहिल्या तीन दिवसांत होते. खूण बीर यांनी सांगितली तीच, बसले की वाढते आणि झोपले की थांबते. पाणी, साध्या वेदनाशामक गोळ्या आणि थोडी विश्रांती यांवर बहुतेकांचे भागते. नाहीच थांबले तर रुग्णाचेच थोडे रक्त काढून कमरेत त्याच जागी सोडतात, ते भोकावर ठिगळासारखे बसते. आपल्याकडे अजून अनेक वॉर्डांत रुग्णाला चोवीस तास बिनउशीचे सरळ झोपवून ठेवतात. त्याने डोकेदुखी टळते, असे पुढच्या अभ्यासांत दिसलेले नाही. झालेली डोकेदुखी आडवे होऊन कमी होते आणि होणारी डोकेदुखी आडवे पडून टळते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिचाऱ्या बाळंतिणीला उशीवाचून आणि बाळाला पदराखाली घेण्यावाचून ताटकळत ठेवण्यात फायदा नाही.

कंबरदुखीचेही तेच. सुईच्या जागी दोन-चार दिवस हुळहुळते. पण दहा वर्षांनी कंबर दुखली तरी सिझेरियनच्या इंजेक्शनवर खापर फुटते. गरोदरपणात कण्यावर आलेला भार, सैल झालेले सांधे, नंतर वाकून केलेली कामे आणि व्यायामाचा अभाव ही त्याची खरी कारणे आहेत. कमरेतून भूल न घेतलेल्या बायकांच्याही कंबरा दुखतातच. मात्र भूल उतरण्याची वेळ टळून गेली तरी पायात बळ येत नाही, लघवी-शौचावर ताबा नाही, पाठीत तीव्र कळा आहेत किंवा तापासह मान ताठ झाली आहे, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रुग्णालय गाठावे. असे फार विरळा घडते, पण तिथे तासांना किंमत असते.

बीर यांची थोरवी प्रयोगात जेवढी, तेवढीच त्यानंतरच्या संयमात. पॅरिसमध्ये त्युफिये यांनी आणि अमेरिकेत इतरांनी ही पद्धत उत्साहाने उचलली. तिच्या जनकाने मात्र हात आखडता घेतला. कोकेन या कामासाठी फार विषारी आहे, हे त्यांना दिसत होते. १९०४-०५ च्या सुमारास स्टोव्हेन आणि नोव्होकेन ही सौम्य औषधे हाती आली तेव्हा ते पुन्हा या भुलीकडे वळले. १९०७ मध्ये लंडनचे आर्थर बार्कर यांनी औषधात ग्लुकोज मिसळून ते पाण्यापेक्षा जड केले. त्यामुळे रुग्णाला कलते करून भूल कुठवर चढवायची हे ठरवता येऊ लागले. आज टेबल वर-खाली करतात, त्यामागे हेच आहे.

दरम्यान बीर १८९९ मध्ये ग्राइफ्सवाल्डला, १९०३ मध्ये बॉनला आणि १९०७ मध्ये बर्लिनला प्राध्यापक झाले. बर्लिनमधली जागा बेर्गमान यांच्यासारख्या दिग्गजाची होती. १९०८ मध्ये गुरूची रबरी पट्टी पुन्हा कामी आली. हातातले रक्त पट्टीने वर सारायचे, वर-खाली आवळायचे आणि मधल्या रिकाम्या शिरेत नोव्होकेन भरायचे, की हात बधिर. मनगटाचे हाड बसवण्यासाठी ही पद्धत आजही वापरतात आणि ती बीर यांच्याच नावाने ओळखली जाते. फक्त आता रबरी पट्टीच्या जागी हवेचा दुहेरी पट्टा असतो आणि औषध एकदम रक्तात मिसळू नये म्हणून तो किमान वीस मिनिटे सोडत नाहीत. त्याच पट्टीने अवयवात रक्त साठवून क्षयाचे सांधे बरे करण्याचा त्यांचा उपाय एकेकाळी फार गाजला, पुढे मागे पडला.

पहिल्या महायुद्धात बारीक लोखंडी किरचा डोक्यात घुसून सैनिक मरताना त्यांनी पाहिले. चामड्याची टोकदार टोपी निरुपयोगी होती. हानोव्हरचे अभियंते फ्रीडरिश श्वेर्ड यांच्याबरोबर त्यांनी पोलादी शिरस्त्राणाचा आग्रह धरला आणि १९१६ मध्ये ते व्हर्दँच्या आघाडीवर पोचले. जर्मन सैनिकाची जी लोखंडी टोपी सिनेमांत दिसते, तिच्या मुळाशी एक सर्जन आहे. युद्धानंतर बर्लिनच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे ते पहिले प्रमुख झाले. जर्मन प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांच्यावर फेब्रुवारी १९२५ मध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया त्यांनीच केली. एबर्ट यांनी दुखणे अंगावर काढले होते, ते वाचले नाहीत. त्याच वर्षी बीर यांनी होमिओपॅथीच्या बाजूने लेख लिहून सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. भुलीबाबत घड्याळ लावून मोजणाऱ्या माणसाने इथे तेवढे काटेकोर मोजमाप केले नाही, असेच म्हणावे लागते. १९३७ मध्ये हिटलरच्या राजवटीने नोबेलला पर्याय म्हणून काढलेला राष्ट्रीय पुरस्कार त्यांनी झाउअरब्रूख यांच्यासह स्वीकारला. चरित्रातला हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही.

उतारवयात त्यांचा जीव रमला तो जंगलात. बर्लिनच्या आग्नेयेला झाउएन इथे १९१२ मध्ये त्यांनी जमीन घेतली होती. रेताड माती आणि त्यात नुसती पाइनची रोगट झाडे. त्यांनी तिथे पानझडी आणि सूचिपर्णी झाडे मिसळून लावली, कडेने झुडपांचे कुंपण धरले, पाला कुजू दिला. १९३२ मध्ये निवृत्त झाल्यावर ते तिथेच राहिले. १२ मार्च १९४९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, झाउएन इथेच त्यांचे निधन झाले आणि तिथेच त्यांना पुरले. ते मिश्र जंगल अजून उभे आहे आणि वनशास्त्राचे विद्यार्थी ते बघायला जातात.